पायरसीविरोधी कामात उतरताय? आधी मुद्देमाल कारकुनाशी ओळख करून घ्या

एलएलबीचा शेवटचा पेपर झाला की दरवर्षी दोन-चार मुलामुलींचे फोन येतात. ‘ताई, पायरसी पकडायच्या कामात यायचंय, परीक्षा कुठली द्यायची?’ अशी परीक्षाच नाही म्हटलं की पलीकडे शांतता. मलाही दहा वर्षांपूर्वी कुणी हे सांगितलं नव्हतं. सांगलीहून मुंबईला आले ती ‘सरकारचं एखादं खातं असेलच, तिथे चिकटू’ एवढ्या हिशोबावर.

तसं खातं फिलिपिन्समध्ये आहे. तिथे १९८५ साली व्हिडिओग्राम रेग्युलेटरी बोर्ड निघालं आणि २००४ च्या कायद्याने त्याच्या जागी ऑप्टिकल मीडिया बोर्ड आलं. डिस्क छापायचं यंत्र आणायचं असो वा त्यासाठीचा कच्चा माल, परवाना त्यांचा आणि धाडही त्यांचीच. कारखान्याने प्रत्येक डिस्कवर स्वतःचा ओळख क्रमांक कोरायचा, म्हणजे माल कुठे छापला ते कळतं. आपल्याकडे डिस्क कारखान्यांसाठी असा स्वतंत्र कायदा कधी झाला नाही, आणि असं एक दारही नाही. सेन्सॉर बोर्ड प्रमाणपत्र देतं, कॉपीराइट ऑफिस दिल्लीत बसून नोंदणी करतं, धाड पोलीस घालतात. तेलंगणाने २०१६ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१७ मध्ये बौद्धिक संपदेच्या गुन्ह्यांसाठी वेगळं पथक काढलं. आपलं ‘महाराष्ट्र सायबर’ या राज्याच्या सायबर पोलीस विभागाच्या छत्राखाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालय आणि सेन्सॉर बोर्ड मिळून १२ नोडल अधिकारी नेमले गेले. तक्रार आल्यावर ४८ तासांत साइटवरचा सिनेमा काढायला लावायचा, हे त्यांचं काम.

तेव्हा वाटा तीन. एमपीएससी देऊन पीएसआय व्हा आणि बदलीत सायबर मिळेल अशी आशा ठेवा. कॉम्प्युटर फॉरेन्सिक शिकून तांत्रिक बाजूने शिरा. नाहीतर माझ्यासारखं, हक्कधारकांच्या वतीने फिर्यादी देणाऱ्या एखाद्या कंपनीत वकील म्हणून चिकटा. पहिली दोन वर्षं पगाराचं तोंडही काढू नका. अंधेरीत खोलीचं भाडं भरून हातात वडापावपुरते उरतात, हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये.

कायदा तुम्ही वाचलेला असणार, त्यामुळे कलमं घोकत बसत नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३, सहा महिने ते तीन वर्षं, पन्नास हजार ते दोन लाख दंड. कलम ६४, पीएसआय आणि त्यावरचा कुणीही वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो. आणि ५२अ कुणी वाचत नाही, ते वाचा. व्हिडिओ फिल्मच्या कव्हरवर सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, तयार करणाऱ्याचं आणि हक्कधारकाचं नाव-पत्ता असायलाच हवा. नसेल तर ६८अ खाली तो वेगळा गुन्हा. माझ्या पहिल्या महिन्यात पोलीस ठाण्यात ‘हा दखलपात्र नाही (म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकत नाहीत), कोर्टात जा’ म्हणून तीनदा परत पाठवलं होतं. आता मे २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, कलम ६३ दखलपात्र आणि अजामीनपात्र. त्याची प्रत पिशवीत ठेवा. महाराष्ट्रात तर २००९ पासून व्हिडिओ पायरेट एमपीडीएखालीही, म्हणजे धोकादायक गुन्हेगारांना खटल्याआधीच स्थानबद्ध करायच्या कायद्याखालीही येतो, झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या पंक्तीत.

हे सगळं मला पाठ होतं. तरी आपटले.

नोकरीचं पहिलंच वर्ष. एका तालुक्याच्या गावी केबलवाला स्वतःच्या चॅनलवर नवाकोरा मराठी सिनेमा दाखवतोय, अशी खबर आली. मी लॉजवर खोली घेतली, टीव्हीला कॅप्चर कार्ड (टीव्हीवरचं चित्र लॅपटॉपमध्ये उतरवणारं यंत्र) जोडलं आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर पावणेदोन तासांचं रेकॉर्डिंग केलं. खाली केबलवाल्याच्या नावाची पट्टी फिरतेय, मधूनच गावातल्या साडीच्या दुकानाची जाहिरात. याहून पक्का पुरावा काय असतो? सकाळी फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि ठाण्यात दिली. पंचनाम्यात नोंद पडली, ‘काळ्या रंगाचा एक पेन ड्राइव्ह’. मी सही करून आनंदाने एसटीत बसले.

खटला उभा राहायला चार वर्षं लागली. बचावाच्या वकिलांनी उलटतपासात आवाजसुद्धा चढवला नाही. बाई, या पेन ड्राइव्हचा मेक काय, सीरियल नंबर काय? पंचनाम्यात नाही. तुम्ही लॉजवर बनवलेली फाइल आणि ही फाइल एकच, कशावरून? मी म्हणते म्हणून. फाइलसोबतच्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रावर सही कुणाची? मुंबईतल्या आमच्या मॅनेजरची. ते त्या रात्री लॉजवर होते? नव्हते. लॅपटॉप त्यांच्या ताब्यात होता? नव्हता. मग लॅपटॉप आहे कुठे? आयटीवाल्यांनी फॉरमॅट करून दुसऱ्याला दिलेला. केबलवाला निर्दोष सुटला, आणि कोर्टाच्या आवारात मलाच चहा विचारून गेला.

आता हे नीट समजून घ्या; बाकीचा लेख विसरलात तरी चालेल.

रेकॉर्डिंग ज्या यंत्रात झालं ते यंत्र म्हणजे मूळ. तुम्ही ठाण्यात देता ती प्रत. मूळ यंत्र कोर्टात आणलंत आणि त्याचा मालक पिंजऱ्यात उभा राहिला तर प्रमाणपत्राची गरज नसते. प्रत देणार असाल तर ती कुठल्या यंत्रातून, कशी निघाली हे सांगणारं प्रमाणपत्र लागतंच. तेव्हा ते पुरावा कायद्याच्या ६५ब खाली असायचं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. (कॉपीराइटचंही ६३, साक्ष्याचंही ६३. अर्जात नुसतं ‘कलम ६३’ लिहून गोंधळ घालू नका, आमच्याकडच्या एका मुलाने घातलाय.) सही ऑफिसातल्या साहेबाची चालत नाही, ते यंत्र किंवा ते काम ज्याच्या ताब्यात होतं त्याची लागते. माझ्या केसमध्ये ती मी होते. नव्या कायद्यात भाग अ तुमचा आणि भाग ब तज्ज्ञाचा, दोन्हीत फाइलची हॅश लिहायची.

हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. दोन तासांच्या सिनेमातला एक ठिपका बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. नुसतं फाइलचं नाव बदललं तर ठसा तोच राहतो, प्लेअरमध्ये पाहिली तरी तोच. पण व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलीत की ती दाबून लहान होते आणि ठसा गेला! ‘सर, फाइल व्हॉट्सअॅप केली आहे’ हे वाक्य मला अजून महिन्यातून एकदा ऐकू येतं आणि माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून रेकॉर्डिंग संपल्या क्षणी, त्याच यंत्रावर, हॅश काढा. एसएचए-२५६ काढा, विंडोजमध्ये त्याची सोय आधीपासून आहे, विकतचं सॉफ्टवेअर लागत नाही. तो आकडा कागदावर लिहा, वेळ टाका, सही करा आणि पंचनाम्यात घालायला लावा. पेन ड्राइव्हचा मेक, क्षमता, सीरियल नंबर, पाकीट, लाखेचं सील, पंचांच्या सह्या. लॅपटॉप फॉरमॅट करू नका असं आयटीला लेखी द्या.

प्रमाणपत्र राहिलं तर ते नंतरही देता येतं, खटला संपेपर्यंत न्यायालय परवानगी देऊ शकतं. पण देणार कशाच्या जोरावर? माझ्याकडे ना यंत्र उरलं होतं, ना ठसा.

गंमत म्हणजे या विषयावर डोळे उघडणारा निकाल पायरसीचा नाहीच. तो आपल्या जालन्याचा आहे. २०१४ च्या विधानसभेचे उमेदवारी अर्ज वेळेत भरले की नाही यावरचा वाद, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, आणि पुरावा म्हणून निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाच्या सीडी. मागूनही कार्यालयाने प्रमाणपत्र दिलं नाही. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रमाणपत्र बंधनकारक आहे, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. समोरचा देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून मागा. पूर्ण निकाल वाचा, टिपणं नकोत.

टिपणांवरून आठवलं. दोन आठवड्यांत ‘सर्टिफाइड सायबर एक्स्पर्ट’ करणारे क्लास आहेत. माझं मत विचाराल तर त्या पैशात एक जुना लॅपटॉप घ्या आणि घरी शंभर फाइलींची हॅश काढत बसा. मोठ्या सीनियरच्या मागे बॅग धरून फिरण्यानेही मला फारसं काही मिळालं नाही. त्यांचं लक्ष हायकोर्टातल्या ‘अशोक कुमार’ आदेशांकडे, म्हणजे अनोळखी चोरांविरुद्धच्या मनाई हुकमांकडे. तिथेही २०१६ मध्ये न्या. गौतम पटेलांनी बजावलं होतं की नुसती यादी आणून अख्ख्या साइट बंद करून मागू नका, एकेक लिंक तपासून आणा. ती तपासणी करणारी पोरं आम्हीच, रात्री दोन वाजता.

मला खरं शिकवलं ते एका पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल कारकुनाने, म्हणजे जप्त केलेला माल सांभाळणाऱ्या पोलिसाने. हवालदार, निवृत्तीला दोन वर्षं. त्यांनी खोली उघडून दाखवली. सीडींची पोती, उंदरांनी कुरतडलेली पाकिटं, लेबल गळून पडलेल्या हार्ड डिस्क. ‘पोरी, वरची दहा पोती कुणाची ते मलाच माहीत नाही. कोर्टात काय सांगू?’ तेव्हापासून मी पाकिटावर लेबल चिकटवत नाही, पाकिटावरच लिहिते आणि आत दुसरी चिठ्ठी टाकते. अशा माणसासोबत बसा, चहा आपण सांगा.

घाबरवतेय असं वाटलं असेल तर तसं नाही. माझ्या त्या आपटण्यानंतर नोकरी गेली नाही, वकिली गेली नाही. पुढच्या तीन फिर्यादींत हॅश पहिल्या पानावर होती आणि उलटतपास दहा मिनिटांत आटोपला. तुम्ही तर हे वाचून सुरुवात करताय. शिवाय २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीने थिएटरात चोरून शूटिंग करणं हा वेगळा गुन्हा झालाय, दंड तीन लाखांपासून सिनेमाच्या निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. काम वाढणार आहे, माणसं कमी आहेत.

मुलींचा एक प्रश्न नेहमी असतो, धाडीला जावं लागतं का? लागतं. आता झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे, त्यामुळे वातावरण थोडं सुधारलंय. तरी महिला पंच आधीच ठरवून ठेवा, रात्री नऊनंतर ऐनवेळी मिळत नाही. आणि लॉजवर कॅप्चर कार्ड लावणार असाल तर एक्स्टेंशन बोर्ड घरून न्या. टीव्हीजवळ प्लग एकच असतो.