रोज लावायचा परफ्यूम, शेजारी बसलेल्यालाच कळेल इतका

लिफ्टमध्ये कोणीतरी शिरतं आणि पुढचे चार मजले आपण श्वास रोखून उभे, तो प्रकार रोज ऑफिसला नको. माझं माप साधं आहे, वास शेजारी येऊन बसणाऱ्याला आला पाहिजे, दारातून आत येणाऱ्याला नाही. आणि त्याला एवढंच वाटलं पाहिजे की ही आत्ताच अंघोळ करून आलीये.

म्हणून सुरुवात बाटलीपासून नाही, अंगापासून करा. ताज्या घामाला स्वतःचा फारसा वास नसतो, त्वचेवरचे बॅक्टेरिया त्यावर काम करतात तेव्हा तो वास तयार होतो, आणि त्यावर परफ्यूम मारला की तिसरंच काहीतरी निघतं. अंघोळीनंतर काखा नीट कोरड्या करा. अँटीपर्स्पिरंट वापरत असाल तर रात्री झोपताना लावा, तेव्हा घाम कमी असतो त्यामुळे ते नीट बसतं. आणि कपडे! पावसाळ्यात घरातच वाळलेल्या कुर्त्याचा कुबट वास कुठल्याच परफ्यूमने जात नाही, ट्रेनमध्ये अंग तापलं की तो परत वर येतो. पंख्याखाली कडक वाळवा आणि घडी घालायच्या आधी काखेतली शिवण चिमटीत धरून बघा, ओल तिथेच लपलेली असते.

आता निवड. आपण ज्याला स्वच्छ वास म्हणतो त्यात बऱ्याचदा व्हाइट मस्क, म्हणजे कस्तुरीच्या धर्तीवरचं मऊ वासाचं कृत्रिम द्रव्य असतं, डिटर्जंटमध्येही हेच वापरतात म्हणून नाकाला ते आलं की धुतलेली चादर आठवते. जोडीला बर्गमॉट (एक लिंबूवर्गीय फळ), नेरोली (कडू संत्र्याची फुलं), लॅव्हेंडर. जर्मनीतल्या कोलोन शहरात फरिना कुटुंबाने 1709 मध्ये अत्तराचा धंदा सुरू केला, तिथूनच ‘ओ द कोलोन’ हे नाव आलं, तेही असंच लिंबूवर्गीय आणि हलकं. पण लिंबाचा वास अर्ध्या-पाऊण तासात उडतो, त्यामुळे दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून लगेच पैसे देऊ नका. मनगटावर एक फवारा घ्या, बाहेर पडा, चहा प्या, कामं करा, चार तासांनी जो वास उरलाय तोच तुमच्याबरोबर दिवसभर राहणार आहे. काही मस्क काही लोकांच्या नाकाला कळतच नाहीत, म्हणून घरच्या कोणालातरी हुंगायला सांगाच.

मला स्वतःला मात्र उन्हाळ्यात वाळ्याच्या अत्तरापुढे काहीच आवडत नाही. आजीच्या माठात वाळ्याची जुडी असायची, पाणी ओतलं की ओल्या मुळांचा तो हिरवट, मातकट वास यायचा, अत्तरातही तोच आहे. तसंच उत्तर प्रदेशातल्या कन्नौजचं मिट्टी अत्तर, भाजलेली माती डेगमध्ये, म्हणजे तांब्याच्या मोठ्या भांड्यात, पाण्याबरोबर तापवतात आणि ती वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, पहिल्या पावसाचा वास बाटलीत! खरं चंदन महाग असतं म्हणून बेस कशाचा आहे ते विक्रेत्याला विचारा. अत्तर लावायचं किती, तर जुने लोक कापसाचा छोटासा फाया कानात ठेवायचे ना, तेवढंच.

स्प्रे असेल तर दोन फवारे पुरतात, हातभर लांबून नाही, वीतभर अंतरावरून. एक छातीवर, शर्ट घालायच्या आधी, आणि एक मानेच्या मागे. त्वचा कोरडी असेल तर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, वास जास्त टिकतो. बर्गमॉटचं तेल असलेलं काही उन्हात उघड्या त्वचेवर लावू नका, डाग पडू शकतात.

आणि दुपारी परत मारायचा मोह टाळा, हे मी कळकळीने सांगतेय. आपलं नाक थोड्याच वेळात सवयीचा वास दाखवणं बंद करतं, वास गेलेला नसतो. मी एकदा मीटिंगच्या आधी असेच चार फवारे मारले आणि मायग्रेनचा त्रास असलेली मैत्रीण काही न बोलता खुर्ची उचलून खिडकीशी जाऊन बसली. मला फार वाईट वाटलं. त्यानंतर शंका आली की मी आधी शेजारणीला विचारते, ‘येतोय का गं अजून?’, आणि दर वेळी येतच असतो.

बाटली बाथरूममध्ये ठेवू नका, उष्णता आणि उजेडाने वास बिघडतो, लिंबूवर्गीय तर सगळ्यात आधी. कपड्यांच्या कपाटात, खोक्यातच राहू द्या, आणि पहिल्यांदा घेताना लहान बाटली घ्या, दोन फवाऱ्यांच्या हिशोबाने तीही कित्येक महिने जाते.