ॲप म्हणतं फॉगर चालू. खोलीत जाऊन पाहिलंत का? बटन मशरूम उत्पादकांसाठी हिवाळी सल्ला

थंडी पडली की बटन मशरूमवाल्यांना जरा हायसं वाटतं. कूलिंगचं बिल उतरतं, बाजारात मागणी चढते. पण खोलीतली हवा आणि दमटपणा सांभाळणाऱ्या, मोबाइलच्या ॲपवर दिसणाऱ्या कंट्रोलरची खरी कसोटी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच लागते, कारण बाहेरची हवा कोरडी असते. पिनहेड (मशरूमचे पहिले बारीक ठिपके) धरताना खोलीत 15 ते 18 अंश तापमान आणि 85 ते 90 टक्के आर्द्रता हवी, कार्बन डायऑक्साइडही 1000 पीपीएमच्या आसपास किंवा त्याच्या आत हवा. म्हणजे ताजी हवा आत घ्यावीच लागते. आता हिशेब बघा. पहाटेची 12 अंशांची, 70 टक्के आर्द्रतेची हवा खोलीत येऊन 17 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता उरते 50 टक्क्यांच्या आसपास. ती भरून काढायला धुक्यासारखं पाणी उडवणारा फॉगर रात्रभर चालू-बंद, चालू-बंद. त्याची वीज जोडणारे-तोडणारे मोठे स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, चिकटायचे नाहीतर जळायचे ते याच दिवसांत.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत माझ्याच खोलीत हे झालं. रात्री अकराला अंथरुणातून ॲप बघितलं. फॉगरपुढे हिरवा ठिपका, ‘चालू’. निवांत झोपलो. सकाळी दार उघडलं तर नेहमीचा ओला, मातीचा वास नाही. केसिंगचा (कंपोस्टवर पसरलेल्या मातीचा) वरचा थर बोटाने दाबला तर भुगा झाला, आणि बटनांच्या टोप्यांवर खवले धरायला लागलेले. पॅनेल उघडलं तर कंट्रोलरचा रिले (कॉन्टॅक्टरला हुकूम देणारा छोटा स्विच) ओढलेला, त्यापुढच्या कॉन्टॅक्टरची कॉइल जळून काळी. ॲप खोटं बोलत नव्हतं. त्याने रिलेला हुकूम दिला होता आणि तेवढंच दाखवलं होतं. फॉगर फिरतोय की नाही हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून स्थिती बघताना तीन गोष्टी वेगळ्या धरा: कंट्रोलर जिवंत आहे का, हुकूम गेला का, आणि काम झालं का. बहुतेक ॲप पहिल्या दोन दाखवतात. तिसरी आपण आकड्यांवरून ताडायची. फॉगर ‘चालू’ झाल्यावर आर्द्रतेची रेघ किती वेळात उचलते, हे हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक खोलीसाठी एकदा घड्याळ लावून बघा आणि दारामागे खडूने लिहून ठेवा. माझ्या खोलीत चार मिनिटं लागतात. दहा मिनिटं ‘चालू’ आणि रेघ आडवीच, तर चप्पल घालून निघायचं. उलटं दुखणंही असतं: ॲपवर ‘बंद’ आणि आर्द्रता 95 च्या वर चढतच चाललीय, म्हणजे कॉन्टॅक्टर चिकटला. टोप्यांवर पाण्याचा थर राहिला की जीवाणूंचे तपकिरी डाग आलेच, मग तो माल बाजारात कोणी हातात धरत नाही.

थोडा खर्च करायची तयारी असेल तर फॉगर आणि एक्झॉस्टच्या वायरीवर करंट मोजणारी सीटी बसवून ती कंट्रोलरला जोडून घ्या. मोटर खरंच वीज ओढतेय का, ते मग स्क्रीनवरच दिसतं. माझ्या मते दुसरा महागडा सेन्सर घेण्याआधी हे करावं.

‘ऑनलाइन’ या शब्दावर तर अजिबात भिस्त ठेवू नका. संपर्क तुटला तरी बरीच ॲप शेवटचाच आकडा दाखवत बसतात. आकड्याखाली बारीक अक्षरात वेळ असते, ती आधी वाचा. ती बरोबर साडेपाच तास मागे दिसली तर घाबरू नका, सॉफ्टवेअर जागतिक वेळ दाखवतंय. सेटिंगमध्ये भारतीय वेळ लावून घ्या, नाहीतर ऐन गडबडीत घोटाळा होतो. ‘अपटाइम’ (कंट्रोलर सलग किती वेळ चालू आहे) दिसत असेल तर तोही बघा. काल बारा दिवस होता आणि आज दोन तास, म्हणजे रात्री वीज जाऊन कंट्रोलर पुन्हा सुरू झाला. तेव्हा सेटपॉइंट (आपण ठरवून दिलेले आकडे) तेच राहिलेत की मूळ कारखान्याचे आलेत, हे तपासा. पफ पॅनेलच्या (फोम भरलेल्या पत्र्यांच्या) खोलीत पत्र्यामुळे वायफाय आत पोचायला कुरकुर करतं. सिग्नलचा आकडा उणे 80 च्या आसपास असेल तर राउटर दाराजवळ आणा, किंवा कंट्रोलर खोलीबाहेर ठेवून फक्त प्रोब (वायरीवरचा सेन्सर) आत सोडा. दमटपणापासून सर्किटही वाचतं.

आता सेन्सर. सतत 90 टक्क्यांत राहणारा स्वस्त आर्द्रता सेन्सर काही महिन्यांत 99.9 वर अडकतो आणि तिथेच बसतो. आकडा तासन्तास दशांशानेही हलत नसेल तर तो मेलाय असं समजा. तपासायला घरचं मीठ पुरतं. वाटीत मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला. वाटी आणि प्रोब एका हवाबंद डब्यात ठेवा, प्रोब मिठाला टेकू देऊ नका. सात-आठ तासांनी 75 टक्के दाखवायला हवेत. दोन-तीनचा फरक चालतो. आठ-दहाचा असेल तर ॲपमध्ये तेवढी दुरुस्ती भरा किंवा प्रोब बदला.

कार्बन डायऑक्साइडच्या सेन्सरची गोम वेगळी. यातल्या अनेकांना स्वतःहून कॅलिब्रेट व्हायची सवय असते: ठरावीक काळात दिसलेला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा, म्हणजे 400 पीपीएम, असं ते धरून चालतात. घरात, ऑफिसात हे ठीक. आपल्या खोलीत स्पॉन रनच्या (बुरशी कंपोस्टमध्ये पसरण्याच्या) काळात कित्येक हजार पीपीएम असतात, तिथे मोकळी हवा त्याला दिसतच नाही. मग तो आकडा हळूहळू खाली ओढतो. स्क्रीनवर 900, प्रत्यक्षात दुप्पट. देठ लांबट आणि टोपी बारीक यायला लागली की आधी हा संशय घ्या. ऑटो कॅलिब्रेशन बंद करा आणि दर महिन्याला सेन्सर उघड्यावर नेऊन 420-430 च्या आसपास येतो का बघा. तिथे त्याच्या तोंडावर फुंकर मारू नका, उच्छ्वासात सुमारे 40,000 पीपीएम असतात. पण सेन्सर जिवंत आहे का एवढंच बघायचं असेल तर खोलीत हीच फुंकर कामी येते: मिनिटभरात आकडा उसळायला हवा.

कंट्रोलरला एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामला आकडे देणारी सोय) असेल आणि घरातल्या कुणाला थोडं प्रोग्रामिंग येत असेल तर स्थिती मिनिटाला एकदा ओढून शीटमध्ये साठवा. दर सेकंदाला विचारत बसलात तर सर्व्हर तुम्हालाच बाहेर काढेल. इशारा आकडा बिघडल्यावर तर हवाच, पण दहा मिनिटांत नवा आकडा आला नाही तरी यायला हवा. हा दुसरा इशारा लावायला जवळजवळ सगळेच विसरतात, मीही विसरलो होतो. आणि तो कंट्रोलरने देऊन चालणार नाही, कारण बंद पडलेला तोच असतो. खोलीबाहेरच्या दुसऱ्या यंत्राने किंवा सर्व्हरने द्यायचा.

केसिंग टाकायच्या आधी एका संध्याकाळी मुद्दाम राउटरची पिन काढा आणि फोन हातात घेऊन बसा. ‘ऑफलाइन’ दिसायला किती मिनिटं लागली ते लिहा. नंतर पिन लावून फॉगरचा एमसीबी पाडा आणि ॲप काय म्हणतं ते बघा. इशारा फोनकॉलनेच येऊ द्या, नुसतं नोटिफिकेशन रात्री दोनला कोणाला उठवत नाही. आणि तो नंबर ज्याचा आहे तो खोलीपासून दहा मिनिटांच्या अंतरावर झोपतो का, तेही विचारून घ्या.