विनानोंदणी कंपायलरच्या (लिहिलेल्या प्रोग्रॅमचे मशीन कोडमध्ये रूपांतर करणाऱ्या साधनाच्या) मर्यादा : या चुका टाळा

सशुल्क प्रोग्रॅमिंग भाषांच्या विनानोंदणी आवृत्त्या वापरणाऱ्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षे त्याच असतात, कारण मर्यादा नेमकी कशावर आहे हे काम अडेपर्यंत कोणी वाचतच नाही. केइल सी५१ या ८०५१ मायक्रोकंट्रोलरसाठीच्या सी कंपायलरच्या मूल्यमापन आवृत्तीत ती २ केबी आहे आणि ती तयार झालेल्या मशीन कोडला लागू होते, तुम्ही लिहिलेल्या ओळींना नव्हे.

प्रकल्प सादर करण्याच्या आदल्या संध्याकाळी एका विद्यार्थ्याला लिंकरने (कोडचे तुकडे जोडून अंतिम प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाने) ‘एल२५०’ ही कोडची मर्यादा ओलांडल्याची त्रुटी दाखवली, तेव्हा त्याने सर्व कॉमेंट (वाचणाऱ्यासाठी लिहिलेल्या टिपा) पुसून टाकल्या आणि व्हेरिएबलची नावे एकेका अक्षराची केली. आकार अर्थातच एका बाइटनेही घटला नाही. प्रोग्रॅम माझ्याकडे आला तोवर तो वाचण्याजोगा उरला नव्हता. एलसीडीवर तीन अंक दाखवण्यासाठी त्याने ‘एसप्रिंटएफ’ हे संख्येचा मजकूर बनवणारे तयार फंक्शन वापरले होते, आणि ते एकदा बोलावले की न लागणाऱ्या फॉरमॅटांचाही कोड सोबत येतो. संख्येला १० ने भागत जाऊन प्रत्येक बाकीत ‘०’ या अक्षराचा आस्की संकेत (संगणकातला अक्षराचा क्रमांक), म्हणजे ४८, मिळवला की तेच काम थोडक्या बाइटांत होते. त्रुटी गेली, कॉमेंट मात्र पुन्हा कोणी लिहिल्या नाहीत.

हेक्स फाइलच्या, म्हणजे मशीन कोड अक्षरांच्या रूपात साठवणाऱ्या फाइलच्या, आकारावरून अंदाज बांधणारेही असेच फसतात. त्या फाइलमध्ये १६ बाइटांसाठी ४३ अक्षरांची ओळ लागते, त्यामुळे २ केबीचा कोडही डिस्कवर साडेपाच केबीच्या वर दिसतो. मी प्रत्येक बिल्डनंतर (प्रोग्रॅम नव्याने तयार केल्यावर) ‘प्रोग्रॅम साइझ’च्या ओळीतला ‘कोड’चा आकडा तेवढा टिपून ठेवतो, तो एकदम उसळला की शेवटी जोडलेले फंक्शन तपासावे.

प्युअरबेसिक या बेसिक-प्रकारच्या भाषेच्या डेमोत मर्यादा ८०० ओळींची आहे, म्हणून काही उतावीळ मंडळी मध्ये विसर्गासारखे चिन्ह (:) घालून एकाच ओळीत पाच-पाच विधाने कोंबतात आणि पुढे स्वतःचीच चूक शोधत बसतात. शिवाय त्या डेमोतून डीएलएल (इतर प्रोग्रॅमना वापरता येणारी कोडची फाइल) बनवता येत नाही, हे आधीच पाहावे.

ठरावीक दिवस चालणाऱ्या आवृत्तीची मुदत संपल्यावर संगणकाची तारीख मागे नेऊ नये. बिल्डच्या वेळा बिघडतात आणि कोणती फाइल नवी हेच कळेनासे होते. क्रॅक, म्हणजे परवान्याची अट बेकायदा मोडणारी फाइल, वापरणाऱ्यांशी मी चर्चा करत नाही.

डेल्फी या प्रोग्रॅमिंग साधनाच्या मोफत कम्युनिटी आवृत्तीत अडथळा कोडचा नसून परवान्याचा असतो : वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५,००० डॉलर आहे, आणि ती ओलांडली म्हणून कंपायलर कोणतीही त्रुटी दाखवत नाही.