इंग्रजी वाक्यातले क्रियापद कसे ओळखावे

कापूस वेचून आल्यावर संध्याकाळी मुलांना अभ्यासाला बसवणाऱ्या यवतमाळ-वर्ध्याकडच्या पालकांनी एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी: मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, तर इंग्रजीच्या साध्या विधानात ते कर्त्यानंतर येते. ‘आई कापूस वेचते’ याचे ‘मदर पिक्स कॉटन’ होते. म्हणून शोध शेवटून नव्हे, कर्त्यापासून सुरू करावा.

खात्रीसाठी वाक्याआधी ‘यस्टर्डे’ लावून पाहावे. ‘यस्टर्डे मदर पिक्ड कॉटन’ असे म्हणताना जो शब्द बदलावा लागला, तेच क्रियापद. ‘पुट’, ‘कट’ असे काही शब्द भूतकाळात बदलत नाहीत. तेथे ‘ही पुट्स’ असा वर्तमानकाळ करून पाहावा.

मुलांकडून शब्दांच्या जाती नुसत्या पाठ करून घेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे, कारण जात शब्दाच्या वाक्यातल्या कामावरून ठरते: ‘द वॉटर इज कोल्ड’ यात ‘वॉटर’ नाम आहे, पण ‘वी वॉटर द ऑरेंज ट्रीज’, म्हणजे आम्ही संत्र्याच्या झाडांना पाणी देतो, या वाक्यात तोच शब्द क्रियापद होतो. ‘द’ दिसला की पुढे बहुधा नाम असते आणि त्या दोहोंमध्ये विशेषण येऊ शकते. ‘ली’ने संपणारे शब्द पुष्कळदा क्रियाविशेषणे असतात, ‘फ्रेंडली’ मात्र विशेषण आहे.

शब्दक्रमाचा असाच फरक आणखी एका ठिकाणी दिसतो: ‘बंडीवर’, म्हणजे बैलगाडीवर, यातला ‘वर’ नामानंतर जोडला जातो, तर ‘ऑन द कार्ट’ यातला ‘ऑन’ नामाच्या आधी येतो.