संक्रांतीची शुभेच्छापत्रे: एक सल्ला आणि एक भेग

गेल्या संक्रांतीला मी चाळीस शुभेच्छापत्रे तयार करायला घेतली. ‘तिळगुळ घ्या, गोड गोड बोला’ या ओळीखाली ‘स्वतःची काळजी घ्या’ असे ठळक छापले होते. परंतु अंथरुणाला खिळलेल्या आईचे वर्षभर सारे काही करणाऱ्या वहिनींनी नमुना वाचून ‘म्हणजे आणखी एक काम माझ्याच माथी’ असे म्हटले, तेव्हा माझी चूक मला उमगली. मग तो सल्ला काढून ‘_____ वारी दुपारी दोन तास मी आईंजवळ बसेन, तुम्ही निवांत झोपा’ असे लिहिले आणि वार हाताने भरण्यासाठी जागा कोरी ठेवली.

दुसरी अडचण कागदाची होती. संक्रांतीचा म्हणून हौसेने निवडलेला काळा रंग ३०० जीएसएमच्या (प्रति चौरस मीटर ३०० ग्रॅम वजनाच्या) जाड कागदावर घडीशी तडकून पांढरी रेघ उमटत असे. छापखान्यातील कारागिराने कागद आडवा-उभा वाकवून दाखवला: तो ज्या बाजूने सहज वाकतो, ती त्याच्या तंतूंची दिशा, आणि घडी तिला समांतर हवी. त्यानुसार मांडणी नव्वद अंशांत फिरवली, पट्टी धरून बोथट सुईने आधी खाच दाबली आणि ती बाहेर राहील अशा बेताने कागद दुमडला. रेघ जवळजवळ नाहीशी झाली.