जुन्या लेखांचं घसरलेलं ट्रॅफिक असं सावरलं

लेखांना गूगल सर्चमधून किती वाचक येतात हे दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांचा डेटा मिळतो. गेले ३ महिने आणि मागच्या वर्षीचे तेच ३ महिने शेजारी ठेवले की घसरलेले लेख लगेच दिसतात. पहिला हात घालावा तो सर्चच्या निकालांत सरासरी ८ ते २० क्रमांकावर अडकलेल्या लेखांना. त्यांच्या क्वेरी (लोकांनी सर्चमध्ये टाकलेले शब्द) उघडा: लोक ‘किती वेळ लागतो’ असं विचारत असतात आणि उत्तर सातव्या परिच्छेदात दडलेलं असतं. ते वर आणा. जुने स्क्रीनशॉट, तुटलेल्या लिंक बदला. यूआरएल (लेखाचा वेब पत्ता) मात्र तोच ठेवा. बदलणं भागच असेल, तर ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळवणं) हवाच. मजकूर तसाच ठेवून नुसती तारीख बदलणं ही वाचकाची फसवणूक आहे, त्यानं क्रमांकही सुधारत नाही. मग सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमधून इंडेक्सिंगची (गूगलनं पान पुन्हा तपासून नोंदवावं अशी) विनंती करा आणि काही आठवडे धीर धरा.