नव्याने रंगवलेल्या गाडीची निगा: पहिले तीन महिने कसे सांभाळावेत

गॅरेजमधून नव्याने रंगवून आलेली गाडी हाताला कोरडी लागते, पण तिचा रंग आतून अजून पक्का झालेला नसतो. कारखान्यात काचा, रबर आणि प्लॅस्टिकचे भाग बसवण्याआधीच गाडीचा सांगाडा सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजला जातो. तयार गाडीला एवढी उष्णता देता येत नाही. त्यामुळे चांगल्या गॅरेजच्या बंद बूथमध्ये ती साधारण ६० अंशांवर, तर लहान गॅरेजांत नुसत्या हवेवर वाळवली जाते. रंगात मिसळलेला हार्डनर (रंग कडक करणारे रसायन) त्यानंतरही काम करत राहतो आणि थिनरचा उरलेला अंश वरच्या क्लिअर कोटमधून (रंगावरच्या पारदर्शक थरातून) कित्येक आठवडे हळूहळू बाहेर पडतो. तोपर्यंत हा थर मऊ असतो. त्यावर ओरखडे आणि डाग लवकर उमटतात. म्हणून या काळातील निगा म्हणजे बहुतांशी काय करू नये, हे पाळणे होय.

१. गाडी ताब्यात घेताना

गाडी संध्याकाळी ट्यूबलाइटखाली नव्हे, तर दिवसाउजेडी पाहून घ्यावी. नवा दरवाजा आणि शेजारचे जुने मडगार्ड यांच्या छटेतील फरक कृत्रिम प्रकाशात सहसा लक्षात येत नाही. रंगाचे ओघळ, अडकलेले धुळीचे कण किंवा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत पोत दिसल्यास तिथेच दाखवावा. हे दोष थर कडक झाल्यावर बारीक वॉटर पेपर आणि कंपाउंड (घासून चकाकी आणणारी पेस्ट) वापरून काढता येतात, मात्र ते काम रंग देणाऱ्यानेच करावे. रंग कोणत्या कंपनीचा होता, गाडी बूथमध्ये तापवली की हवेवर वाळवली, नेमके कोणते भाग रंगवले आणि वॅक्स किती दिवसांनी चालेल, हे तारखेसह बिलावर लिहून घ्यावे. पुढे दिलेल्या मुदती सर्वसाधारण आहेत. रंगाच्या कंपनीने वेगळी मुदत सांगितली असेल, तर तीच खरी मानावी.

२. गाडी पुसणाऱ्याला आधी सांगावे

मुंबईत नव्या रंगाला सर्वांत मोठा धोका ना उन्हाचा असतो, ना खाऱ्या हवेचा; तो पहाटेच्या फडक्याचा असतो. सोसायटीतल्या गाड्या पुसणारे दादा एकच बादली आणि एकच फडका घेऊन एकामागून एक गाड्या उरकतात. मेट्रोची कामे आणि इमारतींचा पुनर्विकास यांमुळे रात्रभरात बॉनेटवर जी धूळ बसते तिच्यात वाळू आणि सिमेंटचे कण असतात. ती अर्धवट ओल्या फडक्याने चोळली की फडका पॉलिश पेपरचेच काम करतो, आणि महिन्याभरात उन्हात गोल गोल बारीक रेषा दिसू लागतात. यात त्या माणसाचा दोष नाही; त्याला मिळणाऱ्या पैशांत आणि वेळेत दुसरे काही शक्य नसते. त्याला स्पष्ट सांगावे की पहिला महिनाभर फक्त काचा, आरसे आणि चाके पुसावीत, रंगवलेल्या पत्र्याला हात लावू नये. त्याचे महिन्याचे पैसे मात्र कापू नयेत, म्हणजे सूचना पाळली जाण्याची शक्यता वाढते. पिसांचा किंवा धाग्यांचा झाडूही या काळात डिकीतच राहू द्यावा.

३. गाडी उभी करताना

गाडीवर कव्हर घालण्याचा मोह टाळावा. कव्हरखाली ओल कोंडते, थिनरच्या वाफेला वाट मिळत नाही आणि वाऱ्याने कापड घासून मऊ थरावर त्याची वीण उमटू शकते. छप्पर असलेली, हवा खेळती असलेली जागा उत्तम. पण जिथे वरच्या तुळईवर कबुतरे बसतात ते छप्पर नसलेलेच बरे. पर्जन्यवृक्षाखाली किंवा आंब्याखाली गाडी लावू नये, कारण झाडांवरील किडींचा चिकट स्राव ठिपक्या-ठिपक्यांनी टपावर पडतो.

सोसायटीचे स्टिकर, नक्षीच्या पट्ट्या आणि कोणतीही चिकटपट्टी रंगावर लावू नये. याच काळात दसरा आला, तर झेंडूचा हार पत्र्यावर लोळेल असा न बांधता पुढच्या जाळीला बांधावा आणि हळद-कुंकू नंबर प्लेटवर वाहावे.

४. धुणे

पहिला आठवडा गाडी धुऊ नये. त्यानंतर ती सावलीत, बॉनेट हाताला गार लागत असताना धुवावी. आधी भरपूर पाणी सोडून धूळ वाहू द्यावी, मग सौम्य कार शाम्पू आणि मऊ मायक्रोफायबरचा हातमोजा वापरून वरून खाली यावे. शाम्पूची एक आणि मोजा खळबळण्याची दुसरी, अशा दोन बादल्या असाव्यात. भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडर वापरू नये. शेवटी स्वच्छ टॉवेल न चोळता नुसता टेकवून पाणी टिपून घ्यावे. टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी बहुधा जड, म्हणजे क्षारयुक्त असते आणि ते अंगावर वाळले की पांढरे ठिपके राहतात, म्हणून शेवटचे पाणी नळाचे घ्यावे. फिरत्या ब्रशांचे यांत्रिक वॉशिंग आणि जोरदार दाबाचा फवारा महिनाभर तरी टाळावा.

पावसाळ्यात रंगकाम करावे लागले, तर निदान पहिले दोन दिवस गाडी गॅरेजमध्येच राहू द्यावी. पुढे सलग पडणाऱ्या पावसापेक्षा सर येऊन गेल्यावर उन्हात वाळणारे थेंब जास्त डाग पाडतात. ते टिपून घ्यावेत. मरीन ड्राइव्ह किंवा वरळीला भरतीचे तुषार अंगावर आले असतील, तर घरी येऊन गाडीवर गोडे पाणी सोडावे.

५. डाग पडल्यास

कबुतराची विष्ठा आम्लयुक्त असते आणि उन्हात ती क्लिअर कोटमध्ये उतरते. म्हणून ती दिसताक्षणी काढावी, पण नखाने खरवडून नव्हे. ओला मऊ कपडा त्यावर काही मिनिटे ठेवावा आणि भिजल्यावर उचलून घ्यावा. गाडीत पाण्याची बाटली आणि एक स्वच्छ कपडा ठेवला, तर सिग्नललाही हे काम होते. पेट्रोल भरताना झाकणाखाली ओघळ आला, तर तो लगेच पाण्याने धुवावा. रस्त्याच्या डांबरासाठी रॉकेल किंवा थिनर वापरण्याचा सल्ला कोणी दिला, तरी तो मानू नये. वाळलेले सिमेंट आणि डांबर यांच्यासाठी गॅरेज गाठावे.

६. वॅक्स आणि कोटिंग

गाडी देतानाच ‘साहेब, टेफ्लॉन मारून देतो’ असे सांगून चकाकीचा संरक्षक लेप देऊ पाहणाऱ्याला नकार द्यावा. बाहेर पडू पाहणाऱ्या थिनरवर वॅक्स किंवा सिलिकॉनचे झाकण बसले की थर उशिरा कडक होतो आणि चमक मंदावू शकते. शिवाय काही दोष राहून तो भाग पुन्हा रंगवावा लागला, तर सिलिकॉनच्या अंशामुळे नव्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. बूथमध्ये तापवलेल्या रंगाला किमान ३० दिवस, तर हवेवर वाळलेल्या रंगाला ६० ते ९० दिवस द्यावेत. सिरॅमिक कोटिंगलाही हीच मुदत लावावी. पारदर्शक संरक्षक फिल्म लावायची असेल, तर त्याआधी गॅरेजकडून रंगाची पकड तपासून घ्यावी, कारण फिल्म पुढे कधी काढावी लागली, तर कच्चा रंग तिच्याबरोबर सोलून निघतो. फक्त एकच दरवाजा रंगवला असेल, तर उरलेल्या गाडीला नेहमीप्रमाणे वॅक्स करण्यास हरकत नाही. मात्र वॅक्सचा तोच कपडा नव्या दरवाजावर फिरणार नाही, याकडे लक्ष ठेवावे.